काचेच्या तारेला झिरो वायरमन नको

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पांढरा डबा बसवलेला आहे. त्यावरचा लाल दिवा सगळ्यांनी पाहिला आहे. हिरवा किती दिवस पाहिला, ते ज्याने त्याने आपापल्या गावापुरते सांगावे.

आमच्या गावात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली. तक्रार गेली. पंधरा दिवसांनी गाडी आली, गाडीत तीन माणसे, आणि यंत्र नाही. यंत्र दुसऱ्या तालुक्यात होते. तोवर ज्याला सातबारा हवा तो मजुरी बुडवून, एसटीचे भाडे घालून येवल्याला जाऊन आला.

हा काही कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न नाही. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीत करायची. गारपीट झाली की विम्यासाठी ७२ तासांत कळवावे लागे. २०२५ च्या हंगामात तर सीसीआयने हमीभावाने कापूस घ्यायला कपास किसान ॲपवरची नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याचा भाव ८,११० रुपये कागदावर, आणि त्याचे दार मोबाईलमध्ये. मागे काचेची तार नसली तर बऱ्याचदा टॉवरचे दांडे दिसतात, पण पान उघडत नाही. मग व्यापारी देईल तो भाव. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसाचे आयात शुल्क उठवले. तो हिशेब वेगळा, आणि आपण तो सोडलेला नाही.)

तारेचा पैसा सरकारने दिला म्हणतात. कोठून दिला? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा २००२ पासून एका निधीत जातो. २०२४ पासून त्याचे नाव डिजिटल भारत निधी. कंपनी तो पदरचा भरत नाही, तुमच्या-आमच्या रिचार्जमधून भरते. २०११ च्या ऑक्टोबरात अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायचे ठरले. २०१५ मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले. त्यातल्या पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा उरकायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. इंडियाला तार आधी मिळाली, भारताला नाव आधी मिळाले.

खड्डा खणून तार पुरली म्हणजे काम झाले, असा समज आहे. खरे काम त्यानंतरचे. आत केसाएवढी काच असते. तुटलेली दोन टोके सोलायची, स्पिरिटने पुसायची, काटकोनात कापायची आणि यंत्रात विजेच्या ठिणगीने वितळवून सांधायची. येवल्यात पैठणीच्या मागावर जुन्या ताण्याला नवा ताणा धागा-धागा जोडणारी बोटे आहेत, त्यांना हे फार शिकवावे लागणार नाही. मग ओटीडीआर नावाचे यंत्र लावायचे. ते तारेत उजेडाचा ठोका सोडते आणि परत आलेल्या उजेडाला किती वेळ लागला त्यावरून तार किती मीटरवर तुटली ते सांगते. विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली ओळखतो, तसेच. पण ते मीटर तारेचे असतात, रस्त्याचे नव्हे. खड्ड्यात वेटोळे करून ठेवलेली जादा केबल त्यातून वजा करावी लागते. ते नकाशावरून कळते, आणि नकाशा चुकीचा असेल तर कोणत्या नाल्यापाशी खोदकाम झाले ते गावचाच माणूस सांगू शकतो. शहरातून आलेला पोरगा यंत्र घेऊन दिवसभर बांधाने फिरतो. शेवटी पंचायतीच्या टोकाला उजेड किती पोचला ते मीटरने मोजायचे आणि तालुक्याच्या यंत्रावर गावच्या डब्याची नोंद करायची. तेव्हा दिवा हिरवा होतो.

आपल्यातले काही म्हणतात, हे सरकारचे काम, आपण का शिकावे? विजेचे काय झाले ते आठवा. फ्यूज गेला की लाइनमन सापडत नाही, म्हणून गावचा एक पोरगा खांबावर चढतो. त्याला आपण झिरो वायरमन म्हणतो. पगार झिरो, विमा झिरो. तो चिकटून मेला की कागदावर तो कोणीच नसतो. काचेच्या तारेत शॉक नाही, पण तिचा उजेड डोळ्याला दिसत नाही आणि डोळा खराब करू शकतो. कापलेल्या काचेची कुसळे बोटात जातात. न शिकवता पोरे या कामाला लावली तर नवा झिरो तयार होईल.

म्हणून शिकवणे रीतसर हवे. ऑप्टिकल फायबर टेक्निशियन आणि स्प्लायसर हे अभ्यासक्रम टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलकडे आहेत. आपली अडचण वेगळी आहे. भिंतीवर पडदा लावून चित्रे दाखवायची, सर्टिफिकेट वाटायचे आणि अनुदान उचलायचे, असे वर्ग आपण खूप पाहिले. सांधायचे यंत्र ज्याच्या हातात पन्नास वेळा आले नाही त्याला शिकलेला म्हणू नये. यंत्राची किंमत एकट्या पोराला परवडणारी नाही, तेव्हा यंत्र तालुक्याला राहावे आणि दहा-बारा गावांमागे दोन शिकलेली मुले असावीत. मुलगे म्हणत नाही, मुले म्हणतो. या कामाला जोर नाही, नजर लागते. घरोघरच्या जोडणीसाठी योजनेत गावचा उद्यमी धरला आहे. देखभालीच्या ठेक्यातही त्यांना दरपत्रकाप्रमाणे दाम आणि विमा मिळाला पाहिजे. सुधारित योजनेत तार कड्यासारखी दोन्ही बाजूंनी येणार आहे, एकीकडे तुटली तरी दुसरीकडून उजेड येईल. छानच. पण तुटलेली बाजू कोणी सांधली नाही तर दुसऱ्या जेसीबीला गाव पुन्हा बंद.

तालुका बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात: दिवा कोणत्या तारखेपासून लाल आहे, आणि दहावी झालेल्या, गावातच राहू इच्छिणाऱ्या दोघांची नावे. अर्ज तहसील कचेरीत एकत्र देऊ, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.