उस्तादाचा डाव, शागिर्दाची वही

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा वाशीमपासून कारंजापर्यंत कितीतरी घरांत मुलांनी अब्बांकडे पट मागितला असेल. वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द आपल्याकडे फारसी-अरबीतून आले. खेळ भारतातून इराणला, तिथून अरबांकडे गेला आणि हे शब्द घेऊन परतला. म्हणून या महिन्यात आम्ही बगदादच्या एका उस्तादाची आठवण काढतो आहोत.

अबू बक्र अस-सूली यांचे नाव. खलिफा अल-मुक्तफी यांच्या दरबारात अल-मावर्दी हा मानाचा खेळाडू होता आणि खलिफा उघडपणे त्याचीच बाजू घेत. सूलींनी त्याला असे हरवले की खलिफांनाही ते कबूल करावे लागले. पुढे सूली शहजादा अर-राजी यांचे शिक्षक झाले. हा शागीर्द ९३४ साली खलिफा झाला, तरी उस्तादाची कदर कायम राहिली.

९४० साली अर-राजी वारले आणि दिवस फिरले. सूलींना बगदाद सोडावे लागले. सुमारे ९४६ साली बसऱ्यात, हलाखीत त्यांचा इंतकाल झाला.

दरबार गेला, मग उरले काय? सूलींनी शतरंजवर ग्रंथ लिहिले होते. ते मूळ रूपात हाती नाहीत, पण इतरांनी उतरवून घेतलेले त्यांचे डाव टिकले. त्यांचा शागीर्द अल-लज्लाज, म्हणजे ‘तोतरा’, यानेही डावांच्या सुरुवातींवर लिहून ठेवले. जीभ अडखळणाऱ्याची लेखणी अडखळली नाही. सूलींचे एक कोडे तर सुमारे हजार वर्षांनी रशियन ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख यांनी उलगडले.

शतरंजबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. पैज लावून खेळणे आणि खेळापायी नमाज चुकवणे मात्र कुणालाच मान्य नाही. ही शिस्त घरातूनच लागते.

आपल्या मोहल्ल्यातही एखादे चाचा वर्षानुवर्षे पोरांना चाली शिकवत असतील. त्यांचे डाव कुणी लिहून ठेवतो का? या सुट्टीत मुलाला त्यांच्याजवळ बसवा, पण हातात पटाबरोबर एक वहीही द्या. माणूस जातो, शिकवलेले आणि लिहिलेले मागे राहते.