तू ख्रिश्चन ना? मग घे की!

ऑफिस पार्टीत एखादा ख्रिश्चन कलीग असला, की पहिला पेग त्याच्या हातात. ‘यांच्यात चालतं’ हा आपला ठाम समज. थँक्स टू हिंदी सिनेमा! १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ आठवा. त्यातला ख्रिश्चन हिरो काय चालवतो? दारूचा अड्डा!

माझा एक मित्र पाथर्डीचा. पुण्यात आयटीत आहे. आडनाव अस्सल नगरी, मराठी रांगडी, चर्च प्रोटेस्टंट. दर टीम आउटिंगला त्याला हा डायलॉग ऐकावा लागतो आणि दर वेळी तो निवांत लिंबू सोडा मागवतो.

आता जरा हिस्ट्री. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ मध्ये. त्या काळात अमेरिकेतल्या चर्चेसमध्ये दारूविरोधी चळवळ जोरात होती. पुढे १८७४ मध्ये तिथल्या बायकांनी वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन काढली. आपल्या पंडिता रमाबाईही तिच्याशी जोडलेल्या होत्या. मग प्रश्न आला, प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय ओतायचं? तोडगा काढला थॉमस वेल्च नावाच्या डेंटिस्टने. १८६९ मध्ये त्याने द्राक्षाचा रस तापवून तो आंबणार नाही अशी सोय केली. आज कित्येक प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्याल्यात रसच असतो.

कॅथलिकांचं वेगळं. मिस्सामध्ये द्राक्षाची खरी वाइनच लागते. म्हणून तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनसाठी खास तरतूद ठेवली गेली. गोव्यात तर घरी फेणी असली म्हणून कुणी पापी ठरत नाही.

बायबल कुणाच्या बाजूने? दोघांच्याही! काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आणि इफिसकरांना झिंगू नका म्हणून बजावलं. घोट चालेल की नाही यावर वाद आहे. नशा नको, यावर नाही.

मित्राला विचारलं, तुझं कारण यातलं कोणतं? म्हणाला, “वचनं सोड. आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. उसाची साखर होते, उरते ती मळी, आणि मळीचं स्पिरिट.” आपल्याकडच्या देशीतच नाही, बऱ्याच स्वस्त व्हिस्की-रममध्येही हेच स्पिरिट असतं, बॉस! “मुकादमाकडून उचल मिळाली की आधी गुत्त्याची उधारी फिटायची, मग घरात किराणा. आजी रोज संध्याकाळी प्रार्थना करायची, पिणाऱ्यांची नावं घेऊन. त्यात माझ्या बापाचंही नाव होतं. मला त्या यादीत जायचं नाही. बस्स.”

यावर काय बोलणार?

ज्यांची नावं अशा यादीत आहेत, त्यांच्यासाठीही चर्चचं दार उघडं आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. व्यसनातून बाहेर पडायला तिथे चक्क अय्यंगार योग! ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा फण्डाही साधाच आहे: आयुष्यभराची शपथ नको, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. अध्यात्म म्हणजे हिमालयात जाणं नाही. संध्याकाळचे सात वाजले, मित्र बोलावताहेत आणि तुम्ही सरळ घरी गेलात, हेही अध्यात्मच की.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. कॅथलिक शिकवण सांगते, की फक्त भाकर घेतली आणि प्याला घेतलाच नाही, तरी ख्रिस्तप्रसाद पूर्णच असतो. कणभरही कमी नाही.

म्हणजे देवाच्या वेदीवरसुद्धा प्याल्याची सक्ती नाही. मग ती आपल्या टेबलावर कशाला? पुढच्या पार्टीत कुणी लिंबू सोडा मागवला, तर कारण विचारू नका. फक्त विचारा, गोड की खारा?