कार्यसम्राट, सभागृहात काय केलंत?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा, पहिली भेट साहेबांशीच होते. हात जोडलेले, मागे भगवे-निळे ढग, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे आणि वर ठसठशीत अक्षरांत 'कार्यसम्राट'. कार्य कोणतं? पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, ओपन जिम, बसायला बाकडं. प्रत्येकावर 'यांच्या निधीतून'. राज्यातल्या प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात. पैसा तुमच्या-माझ्या करातला, बाकड्यावर नाव साहेबांचं.

माझं बाकड्याशी भांडण नाही, मीही त्यावर बसतो. पण आमदाराला आपण मुंबईला पाठवतो ते कायदे करायला आणि सरकारला जाब विचारायला. हे आपण विसरलो, म्हणून तेही निवांत विसरले.

"आधी गटार साफ करा, मग कायद्याच्या गप्पा मारा," असं कुणी म्हणेल. खरं आहे. अंबरनाथ-बदलापुरात 2020 पासून आणि उल्हासनगरात 2022 पासून कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. नगरसेवकच नाही, तर लोकांनी जायचं कुणाकडे? आमदाराकडेच. पण मग या निवडणुका वेळेवर का होत नाहीत, हे सभागृहात उठून विचारणं कुणाचं काम होतं? गटारापासून सुरू झालेला प्रश्नही शेवटी विधानसभेच्याच दारात जातो.

उल्हासनगरचंच बघा. बेकायदा इमारती पाडण्याचा हायकोर्टाचा बडगा आला, तेव्हा विधिमंडळाने खास या एका शहरासाठी 2006 मध्ये कायदा केला. बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करण्याचा. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर त्या कायद्यावर टांगलेलं होतं. मग मे 2021 मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत सात माणसं गेली. मधल्या पंधरा वर्षांत किती इमारती नियमित झाल्या, किती तपासल्या, उरलेल्यांचं काय, हे आमच्या आमदारांनी किती वेळा विचारलं? आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही कधी त्यांना विचारलंच नाही. वाढदिवसाचा केक मात्र खाल्ला.

बदलापूर. 20 ऑगस्ट 2024. शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला म्हणून लोक रुळांवर उतरले, तासन् तास लोकल बंद. मागणी एकच, फाशी. त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक होतं, की अशाच गुन्ह्यांसाठीचं 'शक्ती' विधेयक विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्येच मंजूर केलं होतं आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अजून लटकलेलंच होतं? ते विधेयक चांगलं की वाईट, यावर वाद घालू. फाशीने बायका-मुली सुरक्षित होतात, असं मला तरी वाटत नाही. पण ज्यांनी हात वर करून ते मंजूर केलं, त्यांनी नंतर त्याचं काय झालं हे सांगायला नको?

आता एका जुन्या माणसाबद्दल. रामभाऊ म्हाळगी. संघाचे कार्यकर्ते, जनसंघाचे नेते. 1957 मध्ये मावळातून आमदार झाले, पुढे पुण्यातून. आणीबाणीत तुरुंगात गेले. 1977 मध्ये ठाण्याचे खासदार झाले, 1980 मध्ये पुन्हा निवडून आले आणि 1982 मध्ये पदावर असतानाच वारले. उल्हासनगर-अंबरनाथ तेव्हा ठाणे मतदारसंघातच होतं, म्हणजे ते आपल्या आजी-आजोबांचे खासदार. त्यांच्या उजव्या राजकारणाशी माझं कणभरही जमत नाही. पण हा माणूस आपल्या वर्षभराच्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवायचा. तो वाचून मतदार म्हणू शकत होता, "रामभाऊ, हे पटलं, हे नाही पटलं." विरोध करायलासुद्धा हातात काहीतरी लागतं. होर्डिंगला विरोध कसा करणार? हसऱ्या फोटोशी वाद घालता येत नाही.

अमेरिकेतल्या कट्टर उजव्या सिनेटरच्या रील्स आपण चवीने बघतो. तिथे महत्त्वाच्या विधेयकावर कोण कुठे उभं राहिलं, याची नावानिशी नोंद होते आणि निवडणुकीत ती विरोधक तोंडावर फेकतात. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने निघतात. 'होय'च्या कल्लोळात आपला आमदार ओरडला की झोपला होता, काही कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी साहेब सोसायटीच्या पूजेला आले, की सेल्फी काढा, प्रसाद घ्या आणि तीन गोष्टी विचारा. या वर्षी किती तारांकित प्रश्न टाकले? आपल्या शहरासाठी लक्षवेधी कोणती मांडली? कुठल्या विधेयकावर बोललात आणि काय बोललात? विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं, संकेतस्थळावरही येतं. फोन तर आपल्या हातात असतोच.

उत्तर नाही मिळालं, तर पुढच्या होर्डिंगवरचं 'कार्यसम्राट' वाचताना निदान आपल्याला हसू तरी येईल. साहेबांना घाबरवायला सध्या तेवढंही पुरे.