घरातल्या कुत्रीचे बाळंतपण

मिरजेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरची कुत्री गाभण आहे, पहिलेच वेत आहे, यजमान फिरतीवर असतात, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की, "कुत्र्यामांजरांची बाळंतपणं कुणी करतं का? परसात एक गोणपाट टाकून दे, तिचं ती बघेल." भगिनींनी विचारले आहे की, खरेच तिचे ती बघेल का, की आपणही काही करावयाचे असते?

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. बहुतेक कुत्र्या कुणाच्या मदतीवाचून वितात आणि उगीच हात लावणाऱ्या माणसाचा त्यांना त्रासच होतो. पण जी अडते ती फार लवकर हाताबाहेर जाते, आणि परसातल्या गोणपाटावर अडली तर ते सकाळीच कळते. तेव्हा आपले काम दाईचे कमी आणि जागता पहारा देण्याचे जास्त.

आधी दिवस मोजा. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते; चार-पाच दिवस इकडेतिकडे. मीलनाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली असेल तर उत्तमच. नसेल तर डॉक्टरांकडून सोनोग्राफी करून घ्या. चार आठवड्यांनंतर पिल्ले आहेत की नाहीत ते कळते. पंचावन्न दिवस उलटल्यावर एक्स-रे काढला तर पिल्ले किती आहेत ते मोजता येते. हा खर्च कित्येकींना नसती चैन वाटते, पण रात्री दोन वाजता "अजून एक आहे की संपली?" असा प्रश्न पडतो ना, तेव्हा त्या एका आकड्याची किंमत कळते.

जागा आठ-दहा दिवस आधी तयार करा, म्हणजे तिला तिथे निजायची सवय होईल. नाहीतर ती आपली जागा आपणच शोधते, आणि ती नेमकी तुमच्या कपाटातल्या पैठणीची असते! जिन्याखालचा कोपरा, माडीवरची अडगळीची खोली, जिथे येणेजाणे कमी अशी कुठलीही जागा चालेल. तिला पाय ताणून आडवे होता येईल एवढे लाकडी खोके घ्या. समोरची बाजू तिला ओलांडता यावी पण पिल्लांना येऊ नये इतकी उंच. आतल्या चारही बाजूंनी जमिनीपासून तीन-चार इंच वर एक फळी ठोकून घ्या. आई भिंतीला टेकून बसते तेव्हा मागे अडकलेले पिल्लू त्या फळीखालच्या सापटीत सुरक्षित राहते. कितीतरी पिल्ले आईच्या अंगाखाली चेंगरून जातात. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम ते वाचवते. खाली विताना वर्तमानपत्रांचे थर, नंतर धुतलेल्या सुती लुगड्याच्या घड्या. उसवलेली गोधडी नको. पिल्लांची नखे दोऱ्यांत अडकतात.

आता खाण्याचे. पहिले पाच आठवडे तिला नेहमीइतकेच द्या. पुढे हळूहळू वाढवत शेवटच्या आठवड्यात सव्वा-दीडपट करा, पण थोडे थोडे, चार वेळा. पोट भरलेले असते, एकदम मावत नाही. अंडे, उकडलेली कोंबडी, भात, भाकरी, किंवा पिल्लांसाठी मिळते ते तयार खाद्य. शाकाहारी घरात तर ते तयार खाद्यच बरे. आणि एक सांगून ठेवते, बाळंतिणीचे म्हणून डिंकाचे लाडू तिच्यापुढे ठेवू नका. त्यात बेदाणे असतात, जायफळ असते. द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत आणि जायफळही विषारीच. कांदा-लसूण, चॉकलेट हेही वर्ज्य.

कॅल्शियमबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण चांगल्या घरांतून, चांगल्या हेतूने, सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते. आमच्या मागल्या आळीतल्या एका काकूंच्या पामेरियन कुत्रीला पाच पिल्ले झाली. छोटा जीव आणि पाच लेकरे. ती गाभण असल्यापासून काकू रोज चमचाभर कॅल्शियमचे सरबत तिला पाजत. "आपण नाही का घेत गरोदरपणी?" हे त्यांचे म्हणणे. व्याल्यावर सतराव्या दिवशी संध्याकाळी कुत्री धापा टाकू लागली, पिल्लांपाशी बसेना, उगीच इकडून तिकडे फिरे. काकूंना वाटले, उकाडा आहे. दिवेलागणीपर्यंत पाय लाकडासारखे ताठ झाले, अंग थडथडू लागले आणि ती आडवी पडली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून, ठोके ऐकत ऐकत, शिरेतून अगदी सावकाश कॅल्शियम दिले. तासाभरात ती उठून बसली. आणखी थोडा उशीर झाला असता तर नसती उठली.

घरचे सगळे चकित. रोज कॅल्शियम पाजले तरी कॅल्शियमच कमी कसे पडले? त्याचे कारण असे. दूध सुरू झाले की रक्तातले कॅल्शियम भराभर खर्च होते आणि शरीराने ते हाडांतून काढून भरून काढायचे असते. हे काम मानेतल्या चिमुकल्या ग्रंथी करतात. गाभणपणी बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले तर त्या ग्रंथी सुस्तावतात आणि ऐन गरजेच्या वेळी जाग्या होत नाहीत. म्हशी पाळणाऱ्यांना असाच दुधाचा ताप ठाऊक असतो, त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांना हे दुखणे नवीन नसते. म्हणून गाभणपणी वरचे कॅल्शियम मुळीच नको. व्याल्यानंतर द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. छोट्या जातीची आई आणि पिल्ले जास्त असली तर व्याल्यापासून चार आठवडे तिच्या चालण्याकडे लक्ष ठेवा. धाप, थरथर, अडखळती ताठर चाल, यातले काहीही दिसले की पिल्ले बाजूला करा आणि तिला घेऊन तडक निघा. सकाळची वाट पाहू नका.

दिवस भरत आले की थर्मामीटर काढा. डिजिटल चालेल, पण तो तिचा वेगळा, लाल दोरा बांधून ठेवलेला. टोकाला व्हॅसलिन लावून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात ताप बघायचा. एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो. तो ९९च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. मग ती खाणे सोडते, कागद उकरते, धापा टाकते, कापते. पहिलटकरणीचे हे बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालते. या वेळी शेजारपाजारच्या मुलांना दाखवायला आणू नका. घरातले तिच्या आवडीचे एक माणूस जवळ बसले की पुरे.

पुढे जोराच्या कळा येतात आणि पातळ पापुद्र्याच्या पिशवीत पिल्लू येते. कधी डोके आधी, कधी मागचे पाय आधी. पुष्कळ पिल्ले पायाळू येतात, घाबरायचे कारण नाही. आईच पिशवी फाडते, नाळ तोडते, चाटून चाटून त्याला रडवते. मिनिटाभरात तिने हे केले नाही, पहिल्या वेळी पुष्कळदा गोंधळतात, तर तुम्ही करा. पिशवी बोटाने नाकातोंडावरून फाडून मागे सारा, तोंडातला चिकटा पुसा, खरखरीत पंचात धरून पाठ आणि छाती चोळा, चांगली जोराने, ते ओरडेपर्यंत. पूर्वी पिल्लू दोन हातांत धरून खाली झटका देत असत. तसे करू नये, मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून त्यापलीकडे कापा, टोकाला टिंक्चर आयोडीन लावा, आणि पिल्लू लगेच आईच्या आचळाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक मिळाला नाही तर रोगाशी झगडायची शक्ती मिळत नाही, आणि एक दिवस उलटल्यावर तो पाजून तितका उपयोग होत नाही.

प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते. ती आई खाते. एखाददुसरी खाऊ द्या, सगळ्या खाल्ल्या तर हगवण लागते. पण मोजा. पाच पिल्ले आणि चारच वारी असतील तर डॉक्टरांना तसे सांगा.

डॉक्टरांना फोन कधी करायचा? जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू येत नसेल तर. आत पिल्ले आहेत हे ठाऊक असून दोन तास काहीच हालचाल नसेल तर. आणि पहिले पिल्लू येण्याआधीच अंगावर हिरवट-काळे जाऊ लागले तर ताबडतोब, कारण वार सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटला आहे. तेच हिरवट पाणी पिल्लू झाल्यावर आले तर त्यात काही नाही. कुणी ओळखीचा कंपाउंडर "कळा वाढवायचं इंजेक्शन देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पिल्लू अडकलेले असताना ते इंजेक्शन दिले तर गर्भाशय फाटू शकते. मुंबईच्या बायकांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत असते. लहान गावात रात्री कोण डॉक्टर येतील, कुणाची रिक्षा मिळेल, हे आधीच विचारून, नंबर भिंतीला चिकटवून ठेवा.

पिल्ले झाल्यावर पहिल्या आठवड्याचा सगळा खेळ उबेचा. त्यांना स्वतःचे अंग ऊबदार ठेवता येत नाही, साधे कापताही येत नाही. खोक्याच्या एका कोपऱ्यात ८५ ते ९० अंश फॅरनहाइट ऊब हवी, दुसरा कोपरा थोडा गार, म्हणजे नको झाले तर ती सरकतील. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब उंचावर टांगा. हल्लीचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही! वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला आधी अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या आणि मगच दूध. गार पोटात दूध पचत नाही, तसेच सडते.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो. रोज एकाच वेळी प्रत्येकाचे वजन वहीत लिहा. पिल्ले सारखीच दिसत असतील तर पाठीवरचे चार केस वेगवेगळ्या जागी कातरा, गळ्यात दोरे नकोत. पहिल्या दिवशी किंचित उतरेल, मग रोज वाढले पाहिजे आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट झाले पाहिजे. ज्याचे वजन एक दिवस जागचे हलत नाही त्याला दुधाने भरलेल्या मागच्या आचळाला लावा. दोन दिवस हलले नाही तर डॉक्टर. दूध कमी पडले तर पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. गाईचे दूध त्यांना पातळ पडते. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. पाजताना पिल्लू पालथे ठेवा. आपल्या बाळासारखे मांडीवर उताणे धरले की दूध छातीत जाते.

आईचे आचळही रोज बघा. लाल, टणक, गरम गाठ आली की डॉक्टरांना दाखवा. पिल्लांची नखे आठवड्याला थोडी कापा, म्हणजे तिला ओरखडे निघणार नाहीत. अंगावर तांबूस-तपकिरी तीन-चार आठवडे जाते; त्याला घाण वास येता कामा नये. दूध भरात असताना ती दुप्पट-तिप्पट खाते, तिच्या ताटाकडे पाहून मन घट्ट करू नका.

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पसरट ताटलीत भिजवून मऊ केलेले खाद्य ठेवा. आधी त्यात पाय बुडवतील, मग चाटतील. जंताचे औषध मात्र दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरवड्याला, वजनाप्रमाणे. कारण हे जंत पोटात असतानाच आईकडून येतात आणि घरातल्या लहान मुलांनाही होऊ शकतात. पिल्ले हाताळून मुलांनी हात धुतल्याशिवाय खाऊ घ्यायचा नाही. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. १९७८ साली जगाला माहीत झालेला पार्व्हो रोग अजूनही दोन-तीन दिवसांत अख्खे वेत नेतो. रेबीजची लस तीन महिन्यांनी.

आता शेवटचा आणि अवघड भाग. "पिल्लू आहे का हो?" म्हणून येणारा प्रत्येक जण दुसरा प्रश्न विचारतो, "कुत्रा आहे ना? कुत्री नको." हे ऐकताना आपल्यापैकी कितीजणींच्या कानांना ते ओळखीचे वाटते ते मी सांगायला नको. नर जातात, मादी राहतात, आणि एका रात्री कुणीतरी त्यांना पोत्यात घालून मंडईमागे सोडून येते. उपासमारीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून घरे शोधायला पिल्ले चार आठवड्यांची असतानाच लागा, आणि आठ आठवडे झाल्याशिवाय कुणालाही देऊ नका. खाऊ लागले की पिल्लू तयार झाले असे नसते. खेळताना किती जोरात चावायचे हे ते भावंडांत शिकते. मादी नेणाऱ्यांना नीट सांगा की, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली की माज नाही, पिल्ले नाहीत, दारापुढे कुत्र्यांचा मेळा नाही, आणि उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळतो.

तुमच्या कुत्रीचाही तोच विचार करा. पिल्ले गेल्यावर तिचे खाणे थोडे थोडे कमी करत पूर्वीइतके करा. आचळ दाबून दूध काढू नका, काढले की अधिक येते. दूध पूर्ण आटले, आचळ मऊ पडले, की डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेची तारीख घ्या, कारण पुढचा माज काही महिन्यांतच येतो.