पिल्लं ‘सोडून येणं’ आता बंद करू या

रत्नागिरीत भटक्या कुत्र्यांवर पोस्ट टाकली की कमेंटमध्ये नगर परिषदेचा उद्धार ठरलेला. व्हायलाही हवा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचंच काम, असं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत स्पष्ट आहे. पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही: पाळीव जनावराची नसबंदी आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी. म्हणजे तुमची-आमची.

रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं काही रस्त्यावर जन्मलेलं नसतं. घरची कुत्री मोकळी फिरते, वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत पाच-सहा पिल्लं घालते. एखाद-दुसरा नर कुणीतरी नेतं. माद्या कुणालाच नको असतात. मग अंधार पडला की पोत्यात घालून त्यांना कुठल्यातरी वळणावर सोडायचं. मांजराची पिल्लं असतील तर मासळी बाजाराजवळ. ‘तिथे खायला मिळेल, जगतील’ ही आपणच आपली घातलेली समजूत. त्यातली कितीतरी गाडीखाली जातात, उपाशी मरतात. ज्या माद्या जगतात, त्या वर्षभरात स्वतःच व्यायला लागतात.

असं उपाशी मरायला जनावर टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तेव्हा ठरलेला दंड फार तर ५० रुपये! तेवढ्यात मिरकरवाड्याला आज धड बांगडेही येणार नाहीत. तेव्हा कायद्याच्या धाकाची वाट बघण्यात अर्थ नाही.

नसबंदीचा फायदा फक्त गावाला नाही, जनावरालाही आहे. मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. लहान वयात शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. नराला वृषणाचा कर्करोग होत नाही, माद्यांमागे भटकणं आणि मारामाऱ्याही कमी होतात. बोक्याचं घरभर फवारे मारणं बहुतेक वेळा थांबतं.

आता नेहमीचे आक्षेप. ‘एकदा तरी व्यायला हवी’: याला वैद्यकीय आधार नाही. ‘कुत्रा राखण करणार नाही’: कलमांच्या बागेत वानरामागे धावणं हा त्याचा स्वभाव आणि सवय, ती शस्त्रक्रियेने जात नाही. ‘लठ्ठ होतो’: हे खरं आहे, म्हणून भाताचं माप कमी करा आणि त्याला फिरवा. भूल द्यावी लागते, त्यामुळे थोडा धोका असतोच. कुठल्या वयात करायची ते जात आणि तब्येत बघून डॉक्टरांना ठरवू द्या. मांजर मात्र पाच-सहा महिन्यांतच गाभण राहू शकतं, तिथे चालढकल नको. टाके सुकेपर्यंत जनावर कोरडं ठेवावं लागतं, म्हणून जमलं तर पावसाळ्याआधीच उरकून घ्या. रेबीजची लसही चुकवू नका. त्या आजाराची लक्षणं दिसल्यावर वाचणं जवळपास अशक्यच.

खर्च सगळ्यांना परवडेल असं नाही. म्हणून नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकांना सोबत घेऊन पाळीव जनावरांसाठी स्वस्त दरात शिबिरं घ्यावीत, आणि भटक्या कुत्र्यांच्या किती नसबंद्या झाल्या याचा आकडा दर महिन्याला लोकांसमोर ठेवावा. ही मागणी रास्त आहे आणि ती आपण लावून धरू.

पण ज्याच्या घरी कुत्री किंवा भाटी आहे, त्याने या आठवड्यात डॉक्टरांना एक फोन करावा. आपलं दार नीट केलं, की नगर परिषदेला हक्काने जाब विचारता येतो.