गच्चीवरचा पहारा

खाली दुकान आणि वर घर, अशी रचना भंडारा आणि तुमसरच्या बाजारपेठांत आजही आढळते. ओळीतील घरांच्या गच्च्या परस्परांना लागून असल्या की चोरट्याला जिन्याच्या दारापर्यंत पोहोचणे सोपे जाते. त्यामुळे गच्चीवर कॅमेरा बसविण्याचा विचार योग्यच आहे.

कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ हा दर्जा पाहावा. यातील पहिला ६ धुळीपासून, दुसरा ६ पाण्याच्या जोरदार झोतापासून संरक्षण दर्शवितो. स्लॅबला छिद्र पाडल्यास पावसाळ्यात गळती लागण्याचा धोका असतो. म्हणून कॅमेरा छज्जाखाली, भिंतीवर बसवावा. वायरीचे जोड बंद डबीत ठेवावेत. मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

याहून नाजूक प्रश्न दिशेचा आहे. शेजारच्या गच्चीवर सुना-लेकी पापड-कुरड्या वाळवतात, उन्हाळ्यात मुले रात्री तेथेच झोपतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे एकाच वास्तूतील सहरहिवाशांच्या वादात, त्यांच्या संमतीविना निवासी भागात कॅमेरे चालविता येणार नाहीत, असा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटणी झालेल्या, पण एका छपराखाली नांदणाऱ्या भावांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

यास्तव अखेरचा स्क्रू आवळण्यापूर्वी शेजाऱ्यास आदराने वर बोलवावे आणि पडद्यावरील दृश्य दाखवावे. त्याची गच्ची दिसत असल्यास कॅमेरा तेव्हाच वळवावा. रात्री-अपरात्री खडखडाट झाला, तर सर्वांत आधी धावून येणारा तोच असतो.