३,००० मिलिमीटर पाऊस, तरी झाडाला पाणी नाही?

संपादक महोदय,

मालवणातल्या चौक सुशोभीकरणाच्या आराखड्याचं चित्र गेल्या आठवड्यात आपण छापलंत. पेव्हर ब्लॉक, कारंजं, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट, सगळं आहे. सावली धरणारं झाड एकही नाही. कुंडीतल्या पामाला मी झाड म्हणत नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘उन्हाळ्यात झाडाक पाणी कोण घालतलो?’

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे उत्तर देताना लाज वाटायला हवी. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मच्छीमार्केटचं छप्पर १०० चौरस मीटरचं धरलं, तरी त्यावर ३ लाख लिटर पाणी पडतं आणि गटारातून समुद्राला मिळतं. आता चौकात दहा झाडं लावा, प्रत्येकाला रोज २० लिटर द्या, जानेवारी ते मे. होतात ३० हजार लिटर. दहावा हिस्सा! तेवढी टाकी चौकाखाली बांधायची, छपराची पन्हळ तिला जोडायची आणि ठिबकच्या नळ्या मुळांशी न्यायच्या. नुसतं जमिनीत मुरवून भागणार नाही, जांभा पाणी धरत नाही. श्रावणात काठोकाठ भरलेल्या विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात. म्हणून तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण जलकुंड’ आहे. अस्तर घातलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवून शेतकरी आंबा-काजूची कलमं जगवतात. शहरांना काय अडचण आहे? ओलावा मोजून आपोआप पाणी सोडणारे सेन्सरही मिळतात. खाऱ्या हवेत ते टिकणार नाहीत असं वाटत असेल तर साधा कॉक बसवा, आणि तो फिरवायला माणूस नेमा.

कारंज्याचं तर हसूच येतं. मैदानी भागात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ लाच. इथल्या दमट हवेत अंगावरचा घाम सुकत नाही, तिथे कारंज्याचे तुषार कसला गारवा देणार? ऊन अडवणं हाच उपाय, आणि ते काम उंडी, करंज, भेंड फुकट करतात. खारा वारा त्यांना नवा नाही.

‘वादळात झाडं पडतात,’ हेही ऐकून झालं. मे २०२१ च्या तौक्ते वादळाचा दाखला देतात. खोडाला चिकटून काँक्रीट ओतल्यावर मुळं जाणार कुठे? झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत २०१३ मध्येच बजावलं होतं. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आजही बुंध्याला टेकवतात आणि वर चुना फासतात.

महामार्गाचं दुखणं वेगळंच. चौपदरीकरणात कणकवली-कुडाळकडची रस्त्याच्या दुतर्फाची जुनी झाडं गेली. बदल्यात काय उभं राहिलं, ते संबंधितांनी मे महिन्यात भर दुपारी स्कूटरवरून जाऊन बघावं. एसी गाडीतून नव्हे. दुभाजकातल्या बोगनवेलीची सावली कुणाच्या डोक्यावर पडते?

जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. पर्यटक वाढणार, आणि तेही ऐन सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मेमध्येच. किल्ल्याच्या होडीची वाट बघत त्यांनी आणि बाजारात बसणाऱ्या आमच्या बायांनी उभं कुठे राहायचं? निविदा अजून निघालेली नाही. पाण्याची टाकी आणि दहा झाडं त्यात आताच घाला. पैसे कमी पडले तर कारंजं वगळा.

एक वाचक, मालवण